लिंबाचा वास, उसाचे बिल

लिंबूवर्गीय झाडांच्या वासाने चिंता पळते, ही समजूत गेल्या काही वर्षांत शहरातून गावाकडे सरकत आली आहे. पुण्या-मुंबईच्या दुकानांत संत्र्याच्या सालीचे तेल बोटभर बाटलीत मिळते आणि बाटलीवर ‘स्ट्रेस रिलीफ’ छापलेले असते. मोबाइलवर फिरणारे आरोग्यसल्ले उशाशी लिंबाची फोड ठेवायला सांगतात. त्यावर लगेच उलटे मतही ऐकू येते: हे सगळे थोतांड, वास घेऊन कुणाची काळजी मिटली आहे का? पहिल्या मताला विज्ञान सोयीपुरते आठवते, दुसऱ्याला ते उघडून पाहायचा कंटाळा आहे. दोघांनाही एक प्रश्न सुचत नाही. चिंता कुणाची, आणि कशाची?

हा प्रश्न टेंभुर्णीत टाळता येत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातले हे गाव पुणे-सोलापूर महामार्गावर वसलेले आहे, उजनी धरण जवळ आहे, शिवारात ऊस, केळी, डाळिंब आणि कागदी लिंबू आहे. इथे लिंबाच्या वासाला बाटली लागत नाही. पान चुरगाळले तरी तो मिळतो, आणि तोही फुकट. वासानेच काम भागत असते तर लिंबाच्या बागायतदाराइतका निश्चिंत माणूस जिल्ह्यात दुसरा सापडला नसता. या भागात राहणाऱ्या कुणालाही विचारा, तो हसेल.

माझे म्हणणे दोन भागांत आहे. लिंबाच्या वासात चिंता कमी करण्याची क्षमता आहे. पण ती घटकाभराच्या धास्तीवर चालते, मुक्कामाला आलेल्या काळजीवर नाही. आणि मुक्कामी काळजीवर लिंबाच्या झाडाचा उपयोग असलाच, तर तो वासातून कमी आणि त्या झाडाभोवतीच्या पैशाच्या चालीतून जास्त आहे. म्हणजे लिंबू चिंतेवर काय करते याचे निम्मे उत्तर प्रयोगशाळेत आहे, तर निम्मे बाजार समितीच्या पट्टीवर.

१. वास मेंदूत कुठे जाऊन बसतो

लिंबाची साल बोटांत धरून वाकवली की बारीक तुषार उडतो. सालीत डोळ्यांना ठिपक्यांसारख्या दिसणाऱ्या तेलाच्या ग्रंथी असतात, त्या फुटतात. हा तुषार मेणबत्तीच्या ज्योतीवर उडवला तर चटचट ठिणग्या पडतात, इतके ते तेल ज्वालाग्राही. त्यात मुख्य वाटा लिमोनिन या द्रव्याचा. गोड संत्र्याच्या सालीच्या तेलात तो नव्वद टक्क्यांच्या वर असतो, लिंबाच्या तेलात त्याहून कमी, आणि त्याच्या जोडीला सिट्रालसारखी इतर द्रव्ये. नारिंगाच्या फुला-पानांच्या तेलात लिनालूल भरपूर असते. म्हणजे ‘सिट्रस’ या एका नावाखाली साल, फूल आणि पान यांची वेगवेगळी तेले येतात. बाटलीवरचे लेबल हे सांगत नाही.

आता मेंदू. पाहणे, ऐकणे, स्पर्श या संवेदना थॅलॅमस नावाच्या नाक्यावरून पुढे जातात. वास मात्र हा नाका टाळून भीती आणि आठवण यांच्याशी संबंधित भागांत जवळजवळ थेट पोचतो. म्हणून वासाने मन चटकन पालटते, याला शरीररचनेचा आधार आहे. ती केवळ कविकल्पना नाही.

उंदरांवरचे प्रयोग याच्या पुढे गेले आहेत. जपानमधल्या कागोशिमा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांना लिनालूलचा वास दिला. ते कमी घाबरले. ज्या उंदरांची वासाची शक्ती नष्ट केली होती त्यांच्यावर मात्र काहीच परिणाम झाला नाही. म्हणजे द्रव्य फुप्फुसातून रक्तात जाऊन हे काम करत नव्हते. वास ‘येणे’ आवश्यक होते. पुढे, चिंतेवरच्या नेहमीच्या गोळ्या मेंदूत जिथे जाऊन बसतात ती जागा दुसऱ्या औषधाने अडवली, तेव्हाही परिणाम नाहीसा झाला. थोतांड म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग वाचायला हवा. आणि बाटली विकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवे की उंदराच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज नसते.

२. माणसांवरचे पुरावे: दंतवैद्याच्या दारात

माणसांवरचा सर्वांत बोलका पुरावा व्हिएन्नातला आहे. २००० साली तिथल्या संशोधकांनी दंतवैद्याच्या प्रतीक्षागृहात संत्र्याचा वास सोडला आणि बसलेल्यांची चिंता प्रश्नावलीने मोजली. वास नसलेल्या गटाच्या तुलनेत वास असलेल्या गटातल्या स्त्रिया कमी धास्तावलेल्या आणि जास्त शांत आढळल्या. पाच वर्षांनी त्याच गटाने मोठ्या संख्येवर पुन्हा पाहिले. संत्रे आणि लॅव्हेंडर दोन्हींनी फरक पडला. मग २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये दोनशेहून अधिक रुग्णांवर दंतवैद्याकडेच संत्र्याचा आणि सफरचंदाचा वास वापरून पाहिला गेला. फरक शून्य.

विज्ञानात असे होते, आणि त्याने गोंधळून जायचे कारण नाही. दोन निकाल एकमेकांविरुद्ध जातात तेव्हा परिणाम बहुधा लहान असतो, आणि माणूस कोण, वास किती, भीती कशाची यावर तो डगमगतो. इराणमध्ये शस्त्रक्रियेआधी नारिंगाच्या फुलांचा अर्क देऊन, ब्राझीलमध्ये गोड संत्र्याचा वास देऊन झालेल्या अभ्यासांतही धास्ती कमी झाल्याचे दिसले. तेही लहान गट होते.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठाचा २००८ चा प्रयोग. छप्पन्न निरोगी माणसे. काहींना आधीच सांगितले होते की या वासाने असे असे होईल. काहींना काहीच सांगितले नव्हते. लिंबाच्या वासाने मूड सुधारला, आणि आधी सांगितलेल्यांचा व न सांगितलेल्यांचाही सुधारला. हा ‘सगळा मनाचा खेळ’ म्हणणाऱ्यांना धक्का. पण त्याच प्रयोगात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक, वेदना, जखम भरून येण्याचा वेग, यांतले काहीही सुधारले नाही. हा बाटलीवाल्यांना धक्का. मन हलके झाले, शरीराला त्याचा फायदा झाला नाही. लिंबाच्या वासाविषयी एवढे नेमके विधान मला दुसरीकडे मिळालेले नाही.

इथे एक अडचण कायमची आहे. गोळीची तुलना साखरेच्या गोळीशी करता येते, रुग्णाला फरक कळत नाही. वास लपवता येत नाही. लिंबू हुंगणाऱ्याला कळतेच की आपण लिंबू हुंगतो आहोत. म्हणून वासाच्या बाबतीत अपेक्षा आणि परिणाम पुरते सोडवून दाखवता येणार नाहीत. ओहायोतल्या संशोधकांनी निदान तसा प्रयत्न केला.

३. घटकेची धास्ती, मुक्कामी काळजी

वरचे जवळजवळ सगळे पुरावे एका प्रकारच्या चिंतेविषयी आहेत. दात काढायचा आहे, ऑपरेशन आहे, परीक्षा आहे. प्रसंग ठरलेला, अर्ध्या तासात संपणारा. मानसशास्त्रज्ञ तिला प्रसंगाची चिंता म्हणतात आणि स्वभावाच्या चिंतेपासून वेगळी मोजतात. व्हिएन्नात कमी झाली ती पहिली.

टेंभुर्णीच्या चहाच्या टपरीवर ज्या काळजीबद्दल लोक बोलतात ती तिसरीच आहे. ती ना प्रसंगापुरती, ना स्वभावातली. ऊस तोडायला टोळी कधी येणार. उजनीचे आवर्तन मिळणार का. ३१ मार्चच्या आत सोसायटीच्या कर्जाचे नवे-जुने होणार का. त्याआधी पोरीच्या कॉलेजची फी. हा घोर जीवाला लागतो तो महिनोन्महिने, आणि त्याला बाहेर खरे कारण असते. नाकाची गोष्ट अशी की एकच वास काही मिनिटांत जाणवेनासा होतो. बागेत राबणाऱ्याला बागेचा वास येत नाही, पाहुण्याला येतो. काही मिनिटांत बोथट होणारे साधन आणि आठ महिने टिकणारी काळजी यांचा मेळ कसा बसायचा?

आता अमरावती जिल्हा घ्या. वरूड-मोर्शीची संत्री देशभर जातात. त्याच जिल्ह्यात २०११ च्या अखेरीपासून तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम राबवावा लागला, कारण विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांनी सगळ्यांची झोप उडवली होती. संत्र्याच्या मुलखात नैराश्य आणि चिंता कमी नव्हती. या कार्यक्रमाने काय साधले ते पुढे येईल.

४. उसाच्या आधी आणि उसाच्या नंतर

मुक्कामी काळजी कशाने हलते, याचा एक अभ्यास उसाच्या पट्ट्यातल्या माणसाने तरी वाचायलाच हवा. आनंदी मणी, सेंधिल मुलैनाथन, एल्दार शफीर आणि जियाइंग झाओ यांनी तमिळनाडूतल्या ५४ गावांतले ४६४ ऊस उत्पादक निवडले आणि त्याच माणसांना दोनदा तपासले: ऊस जाण्यापूर्वी हात आखडलेला असताना, आणि ऊस गेल्यावर पैसे आल्यावर. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. पैसे येण्यापूर्वी हेच शेतकरी बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडत होते, पैसे आल्यावर सुधारत होते. माणूस तोच, डोके तेच. आधीच्या काळात गहाण आणि हातउसने जास्त, ताणही जास्त.

या अभ्यासाची रचना सोलापूर जिल्ह्याला लगेच समजेल. कारखान्याची गाळप क्षमता मर्यादित असल्यामुळे सगळ्यांचा ऊस एकदम तुटत नाही. कुणाचा आधी, कुणाचा तीन-चार महिन्यांनी. त्यामुळे एकाच महिन्यात, एकाच हवामानात, काही शेतकरी ‘आधी’चे असतात आणि काही ‘नंतर’चे. आपल्याकडे याला नंबर लागणे म्हणतात, आणि नंबरासाठी काय काय करावे लागते ते लिहायला वेगळा लेख लागेल. अभ्यासावर टीकाही झाली: दुसऱ्यांदा चाचणी देताना सरावाचा फायदा होत असेल, चाचण्या फार सोप्या होत्या, वगैरे. बुद्धीविषयीचा दावा त्याने थोडा सैल होतो. पण मॅथ्यू रिडली, गौतम राव, फ्रँक शिलबाख आणि विक्रम पटेल यांनी २०२० मध्ये जगभरचे पुरावे एकत्र तपासले तेव्हा दिसले ते असे: एकाच समाजातल्या सर्वांत गरिबांना नैराश्य, चिंता यांसारखे आजार सर्वांत श्रीमंतांच्या दीड ते तीन पट होतात, आणि उत्पन्न घसरले की मन ढासळते, पैसा हातात आला की सावरते. हा संबंध नुसता सोबतीचा नाही, कारण-परिणामाचा आहे.

ऊस या दृष्टीने विचित्र पीक आहे. सुरू ऊस बारा महिन्यांचा, आडसाली जवळपास दीड वर्षाचा. एवढा काळ खर्च चालू आणि जमा शून्य. मग एकदम मोठी रक्कम, तीही हप्त्यांत. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर १५ टक्के दराने व्याज. बिले थकली म्हणून रस्त्यावर बसलेले शेतकरी या जिल्ह्याने कितीदा पाहिले आहेत. वर्षातून एकदा उत्पन्न येते आणि ते केव्हा येईल ते ठाऊक नसते, यापेक्षा काळजी पिकवणारी दुसरी रचना मुद्दाम आखूनही सापडायची नाही.

५. मग झाडाकडे वळू

कागदी लिंबाची बाग लावून चार-पाच वर्षांत धरू लागते, आणि मग हंगामात आठ-पंधरा दिवसांनी तोडा निघतो. गोण्या भरायच्या, टेम्पोत टाकायच्या, सोलापूर किंवा पुण्याच्या मार्केटला पाठवायच्या, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पट्टी. पट्टीचा कागद पाहिला आहे का? वर गोण्या, वजन, भाव. खाली हमाली, तोलाई, मोटारभाडे. शेवटी उरलेली रक्कम. रक्कम उसाच्या बिलापुढे किरकोळ. पण ती येते. किराणा भागतो, मजुरी भागते, सावकाराकडे जायची वेळ निदान या आठवड्यात येत नाही. वरचे सगळे पुरावे खरे असतील तर मनावर परिणाम करणारी गोष्ट ही आहे: रकमेचा आकार जितका, तितकाच तिच्या येण्याचा ठेका. लिंबू चिंतेवर खरे औषध म्हणून काम करत असेल तर ते या कागदातून.

इथे थांबलो असतो तर माझेही म्हणणे बाटलीवाल्यांसारखेच झाले असते. लिंबू स्वतः काळजी पिकवते, आणि चांगलीच.

लिंबाला तीन बहर येतात. आंबिया बहराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत, मृगाची जून-जुलैत, हस्ताची सप्टेंबर-ऑक्टोबरात. फुलापासून फळ काढणीला यायला पाच-सहा महिने. झाड आपल्या मर्जीने सर्वांत जास्त फुलते ते आंबियाला. म्हणजे सर्वांत जास्त फळ पावसाळ्यात, जेव्हा सरबत कुणी मागत नाही आणि भाव पडतो. उन्हाळ्यात, भाव चढतो तेव्हा, झाडावर फळ हवे असेल तर हस्त बहर धरावा लागतो. त्यासाठी त्याआधी पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा. पण सोलापूर जिल्ह्यात पावसाचा भर सप्टेंबरात. ताण बसायच्या वेळीच पाऊस पडतो आणि झाड फुलायचे सोडून पालवत जाते. ज्याचा हस्त साधला त्याने २०२२ च्या एप्रिलसारख्या उन्हाळ्यात, जेव्हा शहरात एकेक लिंबू दहा रुपयांना गेले, वर्षाची कमाई केली. ज्याचा हुकला तो पावसाळ्यात लिंबे बांधावर ओततो. भाव फारच पडला की पट्टी उलटी येते, म्हणजे माल विकून शेतकरीच पैसे देणे लागतो. २०२३ च्या फेब्रुवारीत याच जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला आणि त्याच्या हाती दोन रुपयांचा चेक आला, हे सगळ्या देशाने वाचले. लिंबालाही ते दिवस अनोळखी नाहीत.

शिवाय खैऱ्या. पावसाळी हवेत पानांवर, काट्यांवर, फळांवर तपकिरी खडबडीत ठिपके पडतात. फळ आतून चांगले असले तरी व्यापारी दुसऱ्या नंबरात टाकतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने साई सरबती आणि फुले सरबती हे वाण दिले, त्यांनी उत्पादनाला हात दिला. रोग आणि बाजार दोन्ही अजून शिल्लक आहेत. आणि पाणी. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा उपयुक्त साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला. ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे इथे बातमीसारखे बोलत नाहीत, घरातल्या आजारपणासारखे बोलतात. उसाच्या तुलनेत लिंबू कमी पाण्यावर तगते, हा त्याचा मोठा गुण. तरी झाड जगवायला उन्हाळ्यात टँकर लावलेल्या बागा लोकांनी पाहिल्या आहेत.

म्हणून माझा दावा मोजूनमापून आहे. लिंबू काळजी मिटवत नाही. उसाच्या एकाच मोठ्या, लांबलेल्या, अनिश्चित काळजीचे ते लहान, वारंवार येणाऱ्या, हाताळता येणाऱ्या काळज्यांत रूपांतर करते, आणि तेही शिवारात दोन्ही असतील तर. पूर्ण रान लिंबाखाली घातले तर भाव पडल्याच्या वर्षी तो माणूस एकट्या ऊसवाल्यापेक्षा वाईट अडकतो.

६. आक्षेप

पहिला आक्षेप विवेकवाद्यांचा. गाडीला लिंबू-मिरची बांधणारा, तिठ्यावर उतारा टाकणारा समाज हा. त्याला लिंबाने मन शांत होते असे सांगणे म्हणजे बुवाबाजीला विज्ञानाचे कपडे चढवणे. धोका खरा आहे. २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर जादूटोणाविरोधी कायदा करावा लागलेले हे राज्य आहे. पण बुवाबाजीला उत्तर द्यायचे तर तिच्यातले काय काम करते तेही ओळखावे लागते. उतारा टाकणाऱ्याचे मन हलके होत असेल तर ते लिंबाच्या तेलाने होत नाही. आता आपण काहीतरी केले, या भावनेने होते. ती भावना फुकटची नाही. तिची किंमत मांत्रिक वसूल करतो, आणि दवाखान्यात जायला झालेला उशीर आणखी वेगळी. लिंबाच्या वासाबद्दल प्रामाणिक बोललो तर हा व्यवहार उघडा पडतो. ‘सगळे झूट’ म्हणून टाकले तर माणूस मांत्रिकाकडेच जातो, कारण त्याला बरे वाटल्याचा अनुभव आहे आणि आपण तो नाकारत असतो.

दुसरा आक्षेप सौम्य: वास घेतल्याने नुकसान तर नाही ना? मग हुंगू द्या. लिंबाची फोड हुंगण्यात नाही, हे मान्य. तेल, अर्क आणि गोळ्या ही वेगळी वस्तू. लिंबाच्या सालीतली काही द्रव्ये त्वचेवर राहून ऊन लागले की भाजल्यासारखे डाग आणि फोड येतात. ग्रेपफ्रूट आणि त्याच्या गोतातले पपनस शरीरातली औषधे पचवणारी यंत्रणा अडवतात. त्यामुळे चिंतेवरच्या काही गोळ्यांचा जोर धोक्याइतका वाढू शकतो. आणि सर्वांत मासलेवाईक उदाहरण आंबट नारिंगाचे. त्याच्या फुलांचा अर्क शस्त्रक्रियेआधी रुग्णांना शांत करायला वापरला गेला. त्याच झाडाच्या कच्च्या फळातले सिनेफ्रिन वजन कमी करण्याच्या गोळ्यांत घालतात, आणि ते छातीची धडधड वाढवते. घाबरट माणसाला धडधड म्हणजे काय, हे सांगायला नको. ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबून झाडाचा कुठलाही भाग कुठल्याही कामाला लावणाऱ्यांनी एवढे एक उदाहरण पुरेसे समजावे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. चिंतेला पैशाचा प्रश्न बनवून तुम्ही आजाराचा आजारपणा नाकारता; पैसे असलेल्यांनाही चिंताविकार होतो. होतो, आणि त्याला उपचार लागतात. बारा राज्यांत झालेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या विकारांसाठी उपचाराविना राहिलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के निघाले. ही दरी वासानेही भरत नाही आणि ऊसबिलानेही. पण ती भरण्याचे मार्ग आपल्याच माणसांनी दाखवले आहेत. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना मदत देऊन पाहिली; २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत सरकारी केंद्रांतले रुग्ण स्पष्टपणे जास्त संख्येने बरे झालेले दिसले. अमरावतीच्या ‘विश्राम’मध्ये गावातल्याच कार्यकर्त्यांमुळे नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. राज्य सरकारने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. २०२२ पासून १४४१६ या ‘टेलिमानस’ मदतवाहिनीच्या क्रमांकावर मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. ज्याला रात्र रात्र झोप नाही, जेवण जात नाही, जगणे नकोसे वाटते, त्याला लिंबू हुंगायला सांगणे हा निव्वळ निर्दयपणा. त्याला हा नंबर द्यावा आणि सोबत दवाखान्यात जावे.

चौथा आक्षेप आहाराचा: वास सोडा, फळ खा. २०२४ च्या अखेरीस अमेरिकेत तीस हजारांहून अधिक परिचारिकांच्या आहाराच्या नोंदी तपासून रोज एक लिंबूवर्गीय फळ खाणाऱ्यांत नैराश्याचा धोका सुमारे २० टक्क्यांनी कमी असल्याचे मांडले गेले. मांडणी नैराश्याची, चिंतेची नव्हे, आणि रोज संत्रे परवडणारी माणसे इतर बाबतींतही सुखवस्तू असतात. खा जरूर. औषध म्हणून नको.

७. कामाला कुठे लावायचे

वासाची जागा ठरलेली आहे आणि ती लहान आहे: दंतवैद्याचा बाक, रक्त तपासायची रांग, सलाईन लावायच्या आधीची दहा मिनिटे, बाळंतपणाच्या वॉर्डाबाहेर. टेंभुर्णीसारख्या गावात याला खर्च जवळजवळ नाही. पावसाळ्यात बांधावर ओतली जाणारी लिंबे दवाखान्याच्या टेबलावर कापून ठेवायला कुणाची मंजुरी लागत नाही. करायचेच तर नीट करावे: एक आठवडा लिंबू, एक आठवडा दुसरा एखादा आवडता वास, एक आठवडा काहीच नाही, आणि तिन्ही आठवड्यांत तेच प्रश्न विचारावेत. दुसरा वास ठेवला नाही तर लिंबाचे श्रेय किती आणि नुसत्या सुवासाचे किती, ते कळणार नाही.

झाडाची जागा मोठी आहे. पावसाळी लिंबाला सालीचे तेल, लोणचे, रस यांची मागणी जवळच उभी राहिली तर आंबियाचा भाव तळाला जाणार नाही. टेंभुर्णीला औद्योगिक वसाहत आहे, महामार्ग आहे, माल आहे. गंमत अशी की शहरातल्या त्या बोटभर बाटलीचा सर्वांत चांगला उपयोग इथेच निघतो: ती हुंगणाऱ्याची चिंता किती घटते कुणास ठाऊक, पण तिच्यासाठी साल विकणाऱ्याची घटू शकते.

आणि उसाचे बिल. १४ दिवसांचा नियम आणि १५ टक्के व्याज हे दोन्ही कागदावर आहेत. व्हिएन्नाच्या दंतवैद्याकडे जी प्रश्नावली वापरली तिचा प्रसंगाच्या चिंतेचा भाग वीस प्रश्नांचा आहे, भरायला दहा मिनिटे लागत नाहीत. कुणा विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाने ती मराठीत घेऊन यावी. ऊस घातल्यानंतर पंधराव्या दिवशी ज्यांच्या खात्यावर पैसे आले ते, आणि ज्यांच्या आले नाहीत ते, दोघांकडून भरून घ्यावी, आणि त्या फरकाच्या शेजारी लिंबाच्या वासाने पडलेला फरक मांडावा.